खोटे हिशेब करू नका

जानेवारी २००२. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांचं पुण्यात प्रशिक्षण होतं. जेवणानंतरच्या तासाला पेंग यायचीच, विषयच तसे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एक निवृत्त प्राध्यापक वर्गात आले आणि कुणाशी काही न बोलता फळ्यावर चार चिनी अक्षरं काढायला लागले. आम्ही जागे झालो. "बू ज्वो ज्या जांग," ते म्हणाले. "खोटे हिशेब करू नका. हे लिहिणारा माणूस या आठवड्यात आपल्या देशात आलेला आहे."

तो माणूस म्हणजे झू रोंगजी, तेव्हाचे चीनचे पंतप्रधान. दिल्ली, आग्रा, मुंबई, बंगळूर असा त्यांचा दौरा होता. पेपरांत बातम्या होत्या त्या दिल्ली-बीजिंग थेट विमानाच्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही पहिले, हार्डवेअरमध्ये आम्ही पहिले, असं ते बंगळूरला म्हणाले त्याच्या. हिशेबाचं कुणी छापलं नव्हतं. झू कुणाला सुविचार, अभिप्राय असलं काही लिहून देत नसत, तसा त्यांनी नेमच केला होता. तो मोडला एप्रिल २००१ मध्ये, शांघायच्या राष्ट्रीय लेखा संस्थेत. तिथे त्यांनी लिहिली ती ही चार अक्षरं. एवढ्या मोठ्या देशाचा पंतप्रधान, नेम मोडून लिहायचं ठरवतो आणि लिहितो काय, तर आमच्या तालुक्याच्या ठिकाणी सोसायट्यांचं दप्तर सांभाळणाऱ्या कुठल्याही गटसचिवाला मी रोज सांगत होते तेच. मी मागच्या बाकावरून ती अक्षरं डायरीत उतरवून घेतली आणि तेव्हापासून या माणसाच्या मागे लागले. नोकरीतून सुटल्यावर तर वेळच वेळ.

सुरुवात गोदामापासून करते, कारण मला हा माणूस खरा समजला तो तिथे.

मे १९९८. झू पंतप्रधान होऊन दोन महिने झाले होते. आन्हुई प्रांतातल्या नानलिंग तालुक्यात ते सरकारी धान्यकोठार बघायला गेले. त्यांच्या डोक्यात धान्याची नवी योजना होती: शेतकरी आणेल तेवढं धान्य सरकारी कोठारांनी हमीभावाने घ्यायचं, तोटा न खाता विकायचं, आणि त्यासाठी बँकेने दिलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. तिसऱ्या अटीला कारण होतं. मार्च १९९८ पर्यंतच्या सहा वर्षांत धान्यखात्याने बँकांचे २१४ अब्ज युआन बुडीत टाकले होते आणि त्यातले बरेच इमारती, मोटारी, फोन असल्या गोष्टींत गेले होते. मग पंतप्रधान विचारणार, तुमच्या तालुक्यात योजना चालते का? चालते म्हणायचं तर कोठार भरलेलं पाहिजे. नानलिंगचं रिकामं होतं. तालुक्याच्या साहेबांनी आजूबाजूच्या कोठारांतून घाईघाईने ट्रक लावले, हजारभर टन धान्य आणून ओतलं. झू आले, धान्याच्या ढिगावर चढले, खूश झाले. योजना बरोबर आहे याची त्यांना खात्री पटली. हे सगळं दोन चिनी लेखकांनी पुढे २००४ मध्ये उघड केलं, तोवर झू निवृत्त झाले होते आणि योजनाही गुंडाळण्याच्या वाटेवर होती. त्याच वर्षी धान्याचा बाजार खुला झाला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना. कारण असं गोदाम मला दाखवून झालं होतं. १९९३ साल असेल. एका विकास सोसायटीची खताची साठा पडताळणी होती. रजिस्टरप्रमाणे दोन गोदामांत मिळून चारशे पोती युरिया. पहिल्या गोदामात दोनशे मोजली, बरोबर निघाली. दुसरं गोदाम पाच किलोमीटरवर. सचिव म्हणाला, "मॅडम, आधी जेवून घ्या, मोजणी काय पळून जातीय?" पिठलं-भाकरी, वर दही. तासाभराने दुसऱ्या गोदामात गेलो, तिथेही दोनशे. फक्त त्यातल्या पोत्यांच्या शिवणीजवळ माझ्या हिरव्या पेनाच्या खुणा होत्या. पहिल्या गोदामात सवयीने केलेल्या. मी काही बोलले नाही, पोत्यावर बोट ठेवलं. सचिवाने माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे, मग म्हणाला, "मॅडम, अजून थोडं दही?"

पंतप्रधानांकडे हिरवं पेन नव्हतं. पण मुद्दा त्याचा नाही. फसला तो कोण, तर चीनमधला आकड्यांवर सगळ्यात कमी विश्वास ठेवणारा माणूस. त्याची अख्खी कारकीर्द खोट्या आकड्यांशी भांडण्यात गेली होती, नव्हे, खऱ्या आकड्यापायी ती एकदा संपलीही होती.

झू १९२८ चे, हुनान प्रांतातल्या छांगशाचे. जन्मायच्या आधीच वडील गेले, लहानपणीच आई गेली, काकांनी वाढवलं. बीजिंगच्या चिंगहुआ विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि पुढे राष्ट्रीय नियोजन आयोगात लागले. १९५७ मध्ये माओंनी लोकांना मोकळेपणी टीका करायला सांगितलं. ज्यांनी ती केली त्यांना पुढे गाठून धरलं, हा भाग सगळ्यांना माहीत आहे. झूंनी बैठकीत म्हटलं एवढंच की विकासाच्या वेगाचे आकडे अवास्तव आहेत. त्यावर १९५८ मध्ये 'उजवा' म्हणून शिक्का बसला, पक्षातून काढलं. आणि त्याच वर्षी सुरू झाली माओंची मोठी झेप, जिच्यात तालुकेच्या तालुके धान्याचे फुगवलेले आकडे वर पाठवत राहिले, वरून त्या आकड्यांवर वसुली झाली आणि कोट्यवधी माणसं उपाशी मेली. म्हणजे माणसाचा शेरा बरोबर होता. शेरा मारणाऱ्याला मात्र वीस वर्षं बाहेर बसवलं. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना पाच वर्षं खेड्यातल्या सुधारशाळेत धाडलं, तिथे डुकरं पाळली, भात लावला. १९७८ मध्ये शिक्का पुसला गेला तेव्हा वय पन्नास.

या वीस वर्षांबद्दल त्यांनी जाहीरपणे फारसं कधी सांगितलं नाही. पत्रकाराने विचारलं तेव्हा एवढंच, की त्यातून शिकायला पुष्कळ मिळालं, पण आठवण सुखाची नाही, ती काढायची नाही. मला हे आवडतं. आपल्याकडे दोन दिवस स्थानबद्ध झालेला माणूस चाळीस वर्षं त्यावर भाषणं करतो.

१९८८ मध्ये ते शांघायचे महापौर झाले. परदेशी गुंतवणूकदाराला टेबलामागून टेबल शिक्के गोळा करत फिरावं लागायचं. यांनी एकच कार्यालय काढलं, एकच शिक्का. लोक त्यांना 'एकशिक्की झू' म्हणायला लागले. पूडोंगचा विकास, नदीवरचे पूल वगैरे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी सोडते.

१९८९ सोडता येत नाही. बीजिंगमध्ये ४ जूनला तिआनानमेनला सैन्य घातलं. शांघायमध्येही रस्ते अडवलेले होते, ६ जूनला फाटकावर जमलेल्या गर्दीत रेल्वे घुसून सहा माणसं मेली, मग लोकांनी गाडी पेटवली. ८ तारखेला झू टीव्हीवर आले. सैन्य बोलावणार नाही म्हणाले. आणि एक वाक्य बोलले, बीजिंगमध्ये जे घडलं तो इतिहास आहे, इतिहास कुणालाच लपवता येत नाही, खरं एक दिवस बाहेर येईल. कोणत्या बाजूने बोलतायत ते कळू नये असं वाक्य, पण ज्याला हवं त्याने ते ऐकलं. सैन्याऐवजी कारखान्यांतले कामगार लावून रस्ते मोकळे केले. शांघायला रक्त न सांडता सोडवलं, असं त्यांचं कौतुक होतं. ते खरंच. मात्र त्याच शहरात २१ जूनला गाडी पेटवल्याबद्दल तिघांना गोळ्या घातल्या, तेही खरंच. जमेची बाजू लिहिली तर नावेची लिहावी लागते.

१९९१ मध्ये ते उपपंतप्रधान म्हणून बीजिंगला आले आणि हातात पहिलं मोठं काम आलं ते 'त्रिकोणी कर्जां'चं. हा प्रकार ज्याने बाजारपेठ बघितली आहे त्याला सांगायची गरज नाही. पोलाद कारखाना कोळसा खाणीचे पैसे देत नाही, कारण यंत्र कारखाना त्याचे देत नाही, यंत्र कारखाना देत नाही कारण त्याचं गिऱ्हाईक देत नाही. सगळ्यांच्या वह्यांत येणं भरपूर, गल्ल्यात दमडी नाही. झूंनी गाठ कुठून बसली ते शोधलं. बहुतेक ठिकाणी ती नव्या प्रकल्पांपाशी निघाली, ज्यांना मंजुरी होती पण पुरेसा पैसा दिलेला नव्हता. नेमका तिथे बँकेचा पैसा घातला. एक युआन घातला की चारेक युआनांची येणी सुटत गेली. अशी साखळी मी एका तालुक्यात सोडवून बघितली आहे, तीन महिने लागले होते आणि शेवटी एका दुकानदाराने मला साडी देऊ केली. घेतली नाही. रंगही बरा नव्हता.

जुलै १९९३ मध्ये तर उपपंतप्रधानपद सांभाळून ते मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नरच होऊन बसले. कारण बँकांनी ताळतंत्र सोडला होता. हायनान बेटावर जमिनीचे भाव उडालेले, बँकांचा पैसा मागच्या दाराने तिकडे चाललेला. झूंनी बँकवाल्यांना बोलावून तीन अटी घातल्या. नियमाबाहेर दिलेली कर्जं परत आणा. व्याजदर चोरून वाढवून ठेवी ओढू नका. बँकेने स्वतः काढलेल्या कंपन्यांशी संबंध तोडा. हे तीन मुद्दे कुठल्याही नागरी बँकेच्या भिंतीवर आजही चालतील. १९९४ मध्ये महागाईचा दर २४.१ टक्के होता, १९९७ मध्ये तो ३ टक्क्यांच्या आत आला. आणि वाढ साधारण ९ टक्क्यांवर राहिली. अर्थशास्त्रवाले याला 'अलगद उतरणं' म्हणतात.

आता त्यांचं सगळ्यात मोठं काम, ज्याच्यावर लोक सगळ्यात कमी लिहितात. करांची वाटणी. तोवर प्रांत कर गोळा करायचे आणि ठरलेला हिस्सा केंद्राला द्यायचे. मग प्रांतांनी हुशारी केली, कर कमी दाखवायचा, पैसा इकडेतिकडे ठेवायचा. १९९३ मध्ये देशाच्या महसुलात केंद्राचा वाटा २२ टक्के उरला होता. झू अधिकाऱ्यांचा ताफा घेऊन १७ प्रांत फिरले, एकेकाशी घासाघीस करत. सूत्र असं निघालं, की मूल्यवर्धित कराचा ७५ टक्के भाग केंद्राला, २५ प्रांताला, आणि बदल्यात प्रांताचं जुनं उत्पन्न कमी होऊ द्यायचं नाही, फरक केंद्र भरून देईल. जुनं म्हणजे कोणत्या वर्षाचं? केंद्राला हवं होतं १९९२. ग्वांगडोंग प्रांत अडून बसला, १९९३ धरा. वर्ष अजून संपलेलं नव्हतं. झूंनी ऐनवेळी मान्य केलं.

मार्चअखेर म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याने पुढचं ओळखलं असेल. जेवढी १९९३ ची वसुली जास्त, तेवढा केंद्राकडून कायमचा परतावा जास्त. सप्टेंबरपासून प्रांतांच्या तिजोऱ्यांत पैशाचा पूर आला. जुन्या थकबाक्या वसूल झाल्या, पुढच्या वर्षाचे कर आगाऊ घेतले, सूट दिलेल्यांची सूट काढली, आणि काही तर नुसतं कागदावर. डिसेंबरची वसुली आदल्या डिसेंबरच्या दुपटीहून जास्त. झूंनी काय केलं? कपाळाला हात लावला आणि तरी करार मोडला नाही. १९९४ मध्ये केंद्राचा वाटा ५५ टक्क्यांच्या वर गेला. मला वाटतं, त्यांना हिशेब फुगवलेला कळत होता, पण फुगवलेला का होईना, आकडा एकदा वहीत आला की पुढच्या वर्षी त्याच्या खाली जाता येत नाही, हेही कळत होतं. हे फार वरच्या दर्जाचं लेखापरीक्षण आहे. त्याचा दुसरा परिणाम असा, की हात आखडलेल्या स्थानिक सरकारांनी पुढे जमिनी विकून पैसा उभा करायला सुरुवात केली, आणि चीनच्या घरबांधणीच्या आजच्या दुखण्याची एक मुळी तिथे जाते. ती झूंच्या खात्यावर किती टाकायची यावर माझं आणि माझ्या भावाचं दर दिवाळीला भांडण होतं.

मार्च १९९८ मध्ये पंतप्रधान झाल्यावर पहिल्याच पत्रकार परिषदेत ते म्हणाले, समोर सुरुंग पेरलेली जमीन असो की अथांग दरी, मागे वळणार नाही, देह पडेपर्यंत काम करीन. शंभर शवपेट्या तयार ठेवा, नव्याण्णव भ्रष्टांसाठी आणि एक माझ्यासाठी, हेही त्यांच्या नावावर फिरतं. त्याला व्हाउचर नाही, म्हणून मी धरत नाही. पण ऑगस्टमध्ये यांगत्सेच्या पुरात जिउजियांगचा बांध फुटला आणि आत लोखंडच नाही असं दिसलं, तेव्हा ते जागेवरच कडाडले, हे पक्कं आहे. 'डौफूचा चोथा' म्हणाले, म्हणजे सोयाबीनचं दूध गाळून उरतो तो लगदा. अशा बांधकामाला चीनमध्ये तेव्हापासून तोच शब्द आहे.

त्याच वर्षी त्यांनी ४० मंत्रालयांची २९ केली. ग्वांगडोंग सरकारची गुंतवणूक कंपनी ऑक्टोबरात बंद केली, जानेवारीत दिवाळखोरीत काढली. परदेशी बँका हबकल्या, त्यांनी पाठीशी सरकार आहे असं समजून पैसे दिले होते. झूंचं म्हणणं, हमीपत्र आहे का, नाही ना, मग तुमचं तुम्ही बघा. सरकारी बँकांची १.४ लाख कोटी युआनांची बुडीत कर्जं उचलून चार वेगळ्या कंपन्यांकडे दिली. जागतिक व्यापार संघटनेत जायची बोलणी नोव्हेंबर १९९९ मध्ये मोडायला आली तेव्हा स्वतः जाऊन बसले. डिसेंबर २००१ मध्ये चीन आत गेला.

एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. सरकारी कारखान्यांतून १९९८ ते २००३ मध्ये २ कोटी ८० लाखांवर माणसं घरी बसली. सुरुवात कापड गिरण्यांपासून केली. तीन वर्षांत एक कोटी चात्या मोडायच्या आणि बारा लाख कामगार कमी करायचे, असा नुसता आकडा ठरला. जानेवारी १९९८ मध्ये शांघायला पहिला घण घातला, कॅमेऱ्यांसमोर. माझे मोठे काका परळला गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ८२ च्या संपानंतर गावी आले आणि उरलेलं आयुष्य ओसरीवर घड्याळ बघत बसले, पाळी सुटायची वेळ झाली की उठायचे. आमच्या गिरण्या कुणी ठरवून मोडल्या नाहीत, त्या कुजू दिल्या. चीनमध्ये ठरवून मोडल्या, थोडीफार निर्वाहभत्त्याची सोय केली. हिशेबाने झूंचं बरोबर होतं, कारखाने तोट्यात होते, माल खपत नव्हता. पण ताळेबंदात ओसरीवरच्या माणसाला रकाना नसतो, तो त्यांच्याही नव्हता आणि माझ्याही अहवालात कधी नव्हता.

शांघायच्या त्या चार अक्षरांनंतर ऑक्टोबर २००१ मध्ये बीजिंगच्या लेखा संस्थेत त्यांनी वाक्य वाढवून दिलं. सचोटी पाया, वर्तन महत्त्वाचं, नियमांना धरून राहा, खोटे हिशेब करू नका. पुढच्या वर्षी हाँगकाँगला जगभरच्या हिशेबनिसांच्या मेळाव्यातही तेच सांगितलं. मार्च २००३ मध्ये निवृत्त झाले, मग चिनी ऑपेरा आणि जिंगहू नावाची सारंगीसारखी वाजवायची गोष्ट. भाषणांची पुस्तकं निघाली, त्यांचं मानधन गरीब भागातल्या शिक्षणासाठी देऊन टाकलं.

आमच्याकडे लेखापरीक्षण झाल्यावर संस्थेला वर्ग द्यावा लागतो. अ, ब, क, ड. मी झूंना 'ब' देते. नानलिंगसाठी एक पायरी खाली. भाऊ म्हणतो 'क', जमिनींसाठी. त्याला लेखापरीक्षणातलं काही कळत नाही, तो वकील आहे.

मागच्या महिन्यात भाची आली होती, ती पुण्यात चिनी शिकते. तिला मोठ्या हौसेने २००२ ची डायरी काढून दाखवली. तिने बराच वेळ बघितलं. म्हणाली, "मावशी, पहिली तीन बरोबर आहेत. चौथं अर्धंच काढलंयस तू." मागच्या बाकावरून पुढच्याचं डोकं आड येत असणार. ती पेन घेऊन पूर्ण करायला लागली, तर मी डायरी ओढून घेतली. मूळ नोंदीत नंतर भर घालायची तर बाजूला आद्याक्षरी आणि तारीख पाहिजे, आणि चिनीत माझी आद्याक्षरी नाही.